आमची वाटचाल, पण सुरुवात विगो विदेरोपासून

ड्रोनने जमीन मोजून देणारी आमची चार माणसांची कंपनी. तिची वाटचाल दोन ओळींत संपते, म्हणून ती लिहीत नाही. हवेतून फोटो काढून त्यावर पोट भरता येतं हे ज्यांनी आधी करून दाखवलं, त्यांच्यातला एक माणूस इथे मांडतो. विगो विदेरो, जन्म १९०४, नॉर्वेचा वैमानिक. त्याला धाडसी उड्डाणांसाठी ओळखतात. आमच्या लेखी त्याचं मोठेपण हिशेबात आहे: विमान जमिनीवर उभं असतं तेव्हाही पैसा कसा येत राहील, हे त्याच्या कंपनीला कळलं होतं.

१९ फेब्रुवारी १९३४ रोजी पाच जणांनी कंपनी काढली. विगो, त्याचा धाकटा भाऊ आरिल्ड, हेल्गे स्काप्पेल, हाल्वोर ब्यॉर्नेबी आणि लेइव ब्रुन. पहिली विमानं जिप्सी मॉथच्या जातीची, म्हणजे दोन माणसांची, लाकूड-कापडाची, उघडी. उत्पन्न मात्र पाच-सहा वाटांनी यायचं: हवाई टॅक्सी, रुग्ण नेणं, उड्डाण शिकवणी, जत्रेतल्यासारख्या फेऱ्या, जाहिरातीची उड्डाणं आणि फोटो. यातलं एकही काम एकट्याने वर्षभर कंपनी पोसणारं नव्हतं.

तळ होता ऑस्लोजवळ इंगियेरस्ट्रांडला, फ्योर्डच्या, म्हणजे आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या काठावर. धावपट्टी नाही, पाणीच धावपट्टी. उन्हाळ्यात विमानाला फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे पोकळ पाय, हिवाळ्यात फ्योर्ड गोठला की स्की. ऐकायला छान वाटतं, पण रोजचं काम काय होतं ते बघा. फ्लोट आतून कप्प्या-कप्प्यांचे असतात आणि ते गळतातच. रोज सकाळी प्रत्येक कप्प्याला हातपंप लावून पाणी काढायचं. एका कप्प्यात वीस-तीस लिटर राहिलं तर विमान एका बाजूला ओढतं आणि जड भाराने पाण्यावरून सुटतच नाही. वारा अजिबात नसेल तर पाणी फ्लोटला चिकटतं; तेव्हा वैमानिक आधी एक फ्लोट उचलतो, मग दुसरा. उतरताना आरशासारखं शांत पाणी सर्वांत घातक, कारण आपण किती उंचावर आहोत ते डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी काठाच्या जवळून, थोडं इंजिन देऊन, मिनिटाला पन्नास मीटरच्या आतबाहेर असं सावकाश खाली यायचं आणि फ्लोट टेकेपर्यंत काहीही बदलायचं नाही. हिवाळ्यात स्की रात्रभर बर्फावर टेकलेल्या राहिल्या तर गोठून बसतात, म्हणून खाली फळ्या किंवा फांद्या घालतात. इंजिनातलं तेल संध्याकाळी गरम असतानाच काढायचं आणि सकाळी तापवून परत ओतायचं. हे चुकलं तर थिजलेल्या तेलात इंजिन फिरायचंच नाही.

प्रवासी मार्गांत हात घालून झाला, पण मोठ्या जहाजमालकांच्या पाठबळाच्या कंपनीला मुख्य परवाने मिळाले आणि विदेरोकडे उत्तरेकडची कंत्राटी उड्डाणं राहिली. तिथून फोटोचं काम जोडधंदा न राहता कणा झालं. आमच्या मते ही त्यांची खरी कलाटणी, अंटार्क्टिका नव्हे. पण अंटार्क्टिका सांगितल्याशिवाय पुढचं समजत नाही.

सांडेफ्योर्डचा, व्हेल-शिकारीच्या जहाजांचा मालक लार्स क्रिस्टेन्सेन याने १९३६-३७ च्या अंटार्क्टिका मोहिमेसाठी विगोला वैमानिक म्हणून घेतलं. जहाज होतं थोर्सहाव्न, मूळचं तेलवाहू. विमान एका इंजिनाचं स्टिन्सन, फ्लोटवर. फोटो काढायला निल्स रोमनेस. क्रिस्टेन्सेनची पत्नी इनग्रिड हीसुद्धा जहाजावर होती, तीही विमानात बसली, आणि ३० जानेवारी १९३७ रोजी ती अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या स्कलिन मोनोलिथ या खडकावर उतरली. ४ फेब्रुवारीला एक नवा किनारा दिसला. त्याला पुढे राजपुत्र हाराल्डचं नाव दिलं गेलं. राजपुत्र जन्मला २१ फेब्रुवारीला, तेव्हा नाव मागाहूनच पडलं. ६ फेब्रुवारीला सोर रोंदाने ही डोंगररांग हवेतून दिसली आणि तिचे फोटो निघाले. तिच्यातला एक डोंगर आज विदेरोच्या नावाचा आहे, त्याच भागातला दुसरा रोमनेसच्या.

आता काम कसं चालतं ते. विमान जहाजाच्या कप्पीने पाण्यात सोडायचं. जहाज वळवून त्याच्या आडोशाला लाटा मोडायच्या आणि उड्डाणापुरती मोकळी पट्टी शोधायची. बर्फाची सुटी ढेकळं पाण्याच्या पातळीला असतात, वेगात दिसत नाहीत, आणि फ्लोटचा पत्रा कापायला घमेल्याएवढं ढेकूळ पुरतं. परत येईपर्यंत वाऱ्याने बर्फ सरकलेला असतो, म्हणजे उडालो ती पट्टी उतरायला असेलच असं नाही. इंजिन एक, खाली हिमनदी.

फोटो तिरपे घेतले, कॅमेरा खाली न रोखता क्षितिजाकडे कलता ठेवून. कारण साधं आहे. तीन हजार मीटर उंचीवरून सरळ खाली, १५ सेंटिमीटरच्या भिंगाने आणि १८ सेंटिमीटरच्या चौकोनी फिल्मवर घेतलेल्या एका फोटोत ३.६ किलोमीटर मावतात. त्याच उंचीवरून क्षितिज सुमारे १९५ किलोमीटरवर असतं. अनोळखी किनारा, मोजकं पेट्रोल, मोजके उघडे दिवस; तिरपा फोटोच परवडतो. फोटोत क्षितिज आलं की कॅमेरा किती कलला होता तेही काढता येतं. तोटे दोन. प्रमाण जवळून लांब सारखं बदलत जातं, त्यामुळे कामाचा पट्टा क्षितिजाच्या कितीतरी अलीकडे संपतो. आणि डोंगराच्या मागे काय आहे ते दिसत नाही, तिथे नकाशा कोराच राहतो.

सूर्यही बघावा लागतो. ६९ अंश दक्षिणेला जानेवारीच्या शेवटी भर दुपारी सूर्य ३९ अंशांवर असतो, त्याहून वर नाही. सकाळ-संध्याकाळ लांब सावल्या पडतात. पांढऱ्यावर पांढरं असताना सावलीनेच आकार कळतो, पण जास्त झाली तर खडक कुठे संपला आणि सावली कुठे सुरू झाली ते उमजत नाही. धुरकटपणा कापायला पिवळा फिल्टर लावतात, त्याने प्रकाश साधारण निम्मा होतो. कोरड्या थंडीत फिल्म ठिसूळ होते. ती भराभर गुंडाळली तर स्थिर वीज पडून निगेटिव्हवर बारीक विजांसारख्या रेघा उमटतात. शटरमधलं वंगण घट्ट झालं तर शटर आळसतं आणि चित्र पुसट येतं. उबेतून थंडीत नेलेला कॅमेरा थंडच ठेवायचा, कारण परत उबेत आणला की भिंगावर आतून वाफ धरते.

दोन हजारांहून जास्त फोटो घेऊन मोहीम परतली. त्यांवरून नॉर्वेच्या नकाशाकारांनी काढलेले किनाऱ्याचे नकाशे १९४६ मध्ये निघाले. हे जमलं कारण किनाऱ्याच्या काही जागा जहाजावरून सूर्य बघून ठरवलेल्या होत्या. सेक्स्टंटने, म्हणजे सूर्याचा कोन मोजायच्या यंत्राने, उंची मोजताना एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे जमिनीवर १,८५२ मीटर. घड्याळ चार सेकंद चुकलं तर ६९ अंशांवर रेखांश साधारण ६६० मीटर सरकतो. म्हणजे हे नकाशे आजच्या मापाने ढोबळच. पण फोटोला बांधायला खुंटी होती.

खुंटी नसली की काय होतं याचं उदाहरण दोनच वर्षांनी मिळालं. १९३८-३९ मध्ये जर्मनीचं श्वाबेनलांड हे जहाज दोन डॉर्नियर विमानं घेऊन त्याच भूभागाकडे आलं. आमच्या धंद्याच्या मापाने सरंजाम उत्तम होता: मोठे कॅमेरे, पट्ट्यांमागून पट्टे, ११ हजारांहून अधिक फोटो. हद्द दाखवायला ॲल्युमिनियमचे बाण विमानातून टाकत गेले. पण बाण म्हणजे हद्दीचा दगड नव्हे. तो नेमका कुठे रुतला याचे अक्षांश-रेखांश कोणी जमिनीवर मोजले नव्हते. त्यामुळे फोटो सुंदर राहिले आणि नकाशा बराचसा लटकत राहिला. पुढे १९४९ ते १९५२ च्या नॉर्वेजियन-ब्रिटिश-स्वीडिश मोहिमेने याच भूभागाच्या, म्हणजे अंटार्क्टिकातल्या राणी मॉड भूमीच्या पश्चिम भागात जमिनीवर उतरून मापं घेतली, तेव्हा तिथल्या फोटोंना बूड मिळालं. आम्हाला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, "जीसीपी कशाला? ड्रोनला जीपीएस आहे ना?" जीसीपी म्हणजे जमिनीवर मोजून ठेवलेले खुणेचे बिंदू, आमच्या खुंट्या. विचारणाऱ्यांनी ही दोन मोहिमांची तुलना वाचावी.

आपला एक धागाही इथेच जुळतो. भारताचं 'भारती' हे अंटार्क्टिकातलं केंद्र २०१२ पासून लार्समन टेकड्यांत आहे, ६९ अंश २४ कला दक्षिण, ७६ अंश ११ कला पूर्व. या टेकड्या आणि आसपासचा किनारा क्रिस्टेन्सेनच्या मोहिमेतल्या फोटोंवरून नकाशावर उतरला. किनाऱ्याचं नाव आजही इनग्रिड क्रिस्टेन्सेन किनारा. केंद्राचा कारभार चालतो गोव्यात वास्कोच्या हेडलँड सड्यावरून.

आरिल्ड १९३७ मध्येच विमान अपघातात गेला. १९४० मध्ये जर्मन नॉर्वेत शिरले आणि नागरी उड्डाणं बंद पडली. विगोला अटक झाली आणि तो जर्मनीतल्या तुरुंगात गेला. त्याचा थोरला भाऊ रोल्फ, कण-त्वरकांच्या (अणूतल्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांच्या) पायाभरणीतलं मोठं नाव, युद्धकाळात हॅम्बुर्गला बेटाट्रॉन हे तसलंच एक यंत्र बांधत होता. भावाची सुटका सोपी होईल ही आशाही त्यामागे होती. एकाच घरातल्या तीन मुलांच्या तीन तऱ्हा.

युद्धानंतर कंपनीने जे केलं ते आम्ही नव्या पोरांना सर्वांत आधी सांगतो. एक बाजू नकाशांची. कॅमेरा सरळ खाली, विमान समांतर पट्ट्यांत. पुढच्या काळात सर्वत्र रूढ झालेलं माप घेऊन हिशेब करा: १५३ मिलिमीटरचं भिंग, २३ सेंटिमीटरची फिल्म, प्रमाण १:१५,०००. उंची आली सुमारे २,३०० मीटर. एका फोटोत ३,४५० मीटर. पुढे-मागे ६० टक्के ओव्हरलॅप हवा, म्हणजे दर १,३८० मीटरला एक फोटो. ताशी १८० किलोमीटरला हे अंतर साडेसत्तावीस सेकंदांत कापलं जातं. शेजारच्या पट्ट्याशी ३० टक्के, म्हणून पट्टे २,४०० मीटरवर. दहा किलोमीटरच्या चौरसाला पाच पट्टे, कडेचे धरून पन्नासेक फोटो. एकच जागा दोन फोटोंत आली की त्या जोडीवरून उंची काढता येते; ५० टक्क्यांत जोडी जमते, मग ६० का? तिसऱ्या फोटोत तोच बिंदू आला तरच एक जोडी पुढच्या जोडीला शिवता येते.

बिघडतं ते वाऱ्याने. बाजूचा वारा असला की विमान नाक वळवून सरळ जातं. कॅमेरा तेवढ्याच कोनाने उलटा फिरवला नाही तर फोटो जिन्याच्या पायऱ्यांसारखे पडतात आणि कडेला भोकं राहतात. ती भोकं फिल्म धुतल्यावर कळतात, तोवर ढग आलेले असतात. नॉर्वेत डोंगरही त्रास देतात: २,३०० मीटरवरून घेतलेल्या फोटोत, मध्यापासून आठ सेंटिमीटरवरचा ३०० मीटर उंच माथा आपल्या जागेपासून एक सेंटिमीटर बाहेर सरकतो. प्रमाणाने १५० मीटर. हे दुरुस्त केल्याशिवाय तो फोटो नकाशा म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि आपल्याकडे ती अजूनही होते.

दुसरी बाजू शेतघरांची. छोट्या विमानातून खाली उतरून एकेका शेताचा तिरपा फोटो घ्यायचा: घर, गोठा, बांध, मागचं रान. मग विक्रेता ते नमुने घेऊन दारोदार. पसंत पडला की मोठा करून, हाताने रंग भरून, चौकटीत. नॉर्वेतल्या असंख्य घरांच्या भिंतीवर असे फोटो लागले. उड्डाणाचा हंगाम काही महिन्यांचा, पण विक्री आणि रंगकाम बारमाही. मालकाने मागणी केलेली नसताना फोटो काढून ठेवायचा, म्हणजे भांडवल आधी अडकतं. ते सुटतं फक्त नोंदवहीमुळे. रीळ क्रमांक, फोटो क्रमांक, गाव, शेताचं नाव. दोन सारखी लाल कोठारं शेजारी असली आणि क्रमांक चुकला, तर विक्रेता शेजाऱ्याचं घर घेऊन दारात उभा. फोटो काळा-पांढरा असल्याने छप्पर कोणत्या रंगाचं हेही विक्रेत्यानेच टिपून आणायला हवं, नाहीतर हिरवं दार निळं होऊन येतं आणि पैसे अडतात.

उरलेलं थोडक्यात. १ जुलै १९६८ पासून ब्रॉन्नोयसुंड, सांदनेसश्योएन, मो इ राना आणि नाम्सोस इथल्या ८०० मीटरच्या धावपट्ट्यांवर कंपनीची ट्विन ऑटर विमानं उतरू लागली आणि ती मुख्यतः प्रवासी कंपनी झाली. १९७० मध्ये विगोने कारभार सोडला. त्याची मुलगी तुरी १९६९ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियाच्या मोठ्या विमान कंपनीची वैमानिक झाली. तो स्वतः २००२ मध्ये, ९७ व्या वर्षी वारला.

आपल्याकडे गावठाण मोजणीचा ड्रोन प्रयोग पुरंदरच्या सोनोरीत झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, २०२१ मध्ये देशभर आली. तिथेही उड्डाणाआधी घराच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात. पावसाने चुना धुपला तर ते उड्डाण वाया. उभ्या उसावर फोटो जोडणारं सॉफ्टवेअर तसंच चाचपडतं जसा बर्फावर नकाशाकार चाचपडायचा, कारण सगळीकडे सारखंच दिसतं.

विदेरोचे शेतघरांचे जुने फोटो आज नॉर्वेत लोक पुन्हा शोधतात. पाडलेला गोठा कुठे होता, बांध कुठून जात होता, ते त्यात दिसतं. सापडतात ते क्रमांक घातलेले. आमच्याकडे फोल्डरचं नाव आधी गट क्रमांक, मग तारीख, मग उड्डाण. "नवीन फोल्डर ३" सापडला की त्या दिवशीचा चहा ज्याने तो ठेवला त्याच्याकडून.