जिनिंगच्या वजनकाट्याची स्क्रीन क्यूएमएलमध्ये केली, माझा अनुभव

बोदवडकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्याची स्क्रीन मागच्या कापसाच्या सीझनला क्यूएमएलमध्ये (क्यूटी या टूलकिटची स्क्रीन लिहायची भाषा) नव्याने लिहून दिली. चालू आहे व्यवस्थित, शेठ पण खूश, पण त्यातल्या बाइंडिंगने (एक आकडा दुसऱ्याला जोडून ठेवायची सोय) जो ताप दिला त्याचा राग अजून गेला नाही म्हणून लिहितोय.

आधीची स्क्रीन टीकिंटरमध्ये, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या स्क्रीनच्या लायब्ररीत होती. वजन बदललं की नेटचं (निव्वळ मालाच्या वजनाचं) लेबल बदल, पावतीवरचा आकडा बदल, प्रिंटचं बटण चालू कर, सगळं एकेक करून सांगायचं, आणि एक जागा राहिली की स्क्रीनवर एक आणि पावतीवर भलतंच. क्यूएमएलसारख्या डिक्लेरेटिव्ह पद्धतीत नेट म्हणजे ग्रॉस (भरलेली गाडी) वजा टेअर (रिकामी गाडी) एवढं एकदा लिहून ठेवायचं, मग दोघांपैकी काहीही हललं की नेट आपोआप हलतं. हेच बाइंडिंग. यात नवीन काही नाही, क्यूएमएल २०१० मध्ये क्यूटी ४.७ सोबत आलं आणि मायक्रोसॉफ्टची अशीच भाषा झॅमल तर २००६ पासून आहे.

मांडणी, रंग, मोठे आकडे, सगळं पटापट झालं. सीझन सुरू झाला, पहिली गाडी बरोबर. दुसरी आयशर आली, ग्रॉस ६८४०, टेअर ३५६०, आणि नेट शून्य! ड्रायव्हर खिडकीतून डोकावून म्हणे, "काय भो, साडेबत्तीस क्विंटलच्या वर कापूस हवेत उडाला का?" मागे गाड्यांची लाइन. प्रोग्राम बंद करून चालू केला की पुन्हा एक गाडी बरोबर, नंतर शून्य. काटेवाला म्हणे केबल, इलेक्ट्रिशियन म्हणे अर्थिंग. अरे ग्रॉस डोळ्यासमोर हलतोय ना, मग केबलचा काय संबंध! तरी ते म्हणाले म्हणून केबल बदलली, बॉड रेट (केबलवरून डेटा यायचा वेग) तपासला, नेट तिथेच.

भानगड होती 'नवी गाडी' बटणात. जुन्या स्क्रीनवरून आलेली एक ओळ, नेटच्या लेबलला थेट शून्य देणारी. क्यूएमएलमध्ये बाइंडिंग असलेल्या प्रॉपर्टीला (नेटसारख्या किंमतीला) जावास्क्रिप्टमधून साधी किंमत दिली की ते बाइंडिंग तुटतं, कायमचं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, पण लाइन लागलेली असताना डॉक्युमेंटेशन कोण वाचतं.

शेवटी सापडलं कसं, तर क्यूटीच्या लॉगिंग रूल्समध्ये (कुठले मेसेज कन्सोलवर दाखवायचे ते ठरवणारं सेटिंग) बाइंडिंग रिमूव्हलची इन्फो कॅटेगरी आहे, ती चालू केली की कुठल्या ओळीने कुठलं बाइंडिंग उडवलं ते नंबरसकट कन्सोलवर येतं. ही सोय डीफॉल्ट बंद का ठेवतात देव जाणे! तुम्ही पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

उपाय म्हणजे नेटला हातच लावायचा नाही. ग्रॉस आणि टेअर शून्य करा, नेट होतंच शून्य. अगदीच किंमत द्यावी लागली तर नंतर क्यूटी डॉट बाइंडिंगने परत जोडता येतं, पण तशी वेळ आली तर बहुतेक वेळा मांडणीच चुकलेली असते.

पायथनमधून वजन देत असाल तर प्रॉपर्टीला नोटिफाय सिग्नल (किंमत बदलली हे स्क्रीनला कळवणारा) द्या, नाहीतर सुरुवातीचा आकडा दिसतो आणि गोठतो. याची वॉर्निंग तरी येते.

आणि हे खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं, काट्यावरचा पीसी बघून मगच सुरुवात करा. विंडोज ७ असेल तर क्यूटी ६ चालत नाही, ५.१५ घ्यावं लागतं, पायथन पण ३.८ च्या पुढे जात नाही. शेठ नवा पीसी घेणार नाही हे धरूनच चला.