कानानं पाहिलेलं महाभारत

परवा दुपारी पाहुणे येणार म्हणून कपाटाच्या वरच्या कप्प्यातला टेबलक्लॉथ काढला, झटकला, तर एका कोपऱ्यातल्या हिरव्यागार वेलीवर एक पान चक्क चॉकलेटी. रंग उडून नव्हे, दोराच तसा घेतलेला. मला लगेच आठवलं. हे पान २०२० च्या फेब्रुवारीतलं. संभाजीराजांची मालिका संपत आली होती, संगमेश्वर होऊन गेलं होतं, रात्री जेवताना घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. मी डब्यातून हाताला लागेल तो दोरा ओवून समोरचं पान भरत सुटले होते. लक्षात आलं तोवर पान पुरं झालं होतं. उसवलं नाही.

पाहुणे आले, चहा पिऊन गेले. पान कुणालाही दिसलं नाही.

माझं सगळं भरतकाम असंच मालिकांच्या तिथीनुसार लागलेलं आहे. उशीच्या अभ्र्यांची एक जोडी ‘जय मल्हार’ची. ती मालिका २०१४ ला सुरू होऊन तीन वर्षं चालली आणि अभ्रेही तीन वर्षं चालले. त्यातला पिवळा धागा तीनदा संपला, कारण पडद्यावर भंडारा उधळला की मला आणखी दोन झेंडू काढावेसे वाटायचे. मूळ नक्षीत झेंडू नव्हतेच.

नुसतं हात बांधून मालिका बघणारी माणसं मला अजून कळलेली नाहीत. त्यातून ऐतिहासिक किंवा पौराणिक मालिका! दरबारात कुणी वाकडं बोललं की वीज कडाडते, मग राजाचा चेहरा, राणीचा, सेनापतीचा, पुन्हा राजाचा, आणि तेच सगळं आणखी दोनदा. लोक याची टिंगल करतात. पण ही सोय आमच्यासाठी आहे हो. मटार सोलणाऱ्यांसाठी, मेथी निवडणाऱ्यांसाठी, वाती वळणाऱ्यांसाठी. पहिल्या कडकडाटाला हातातला टाका पुरा करायचा, दुसऱ्याला सुई कापडात टोचून ठेवायची, तिसऱ्याला मान वर करायची. काही म्हणता काही चुकत नाही.

ही विद्या आईची. ती माझ्याही पुढची, ती मान वर करतच नसे.

तेव्हा आम्ही साताऱ्यात होतो. टीव्ही समोरच्या काकूंकडे. लाकडी शटरचा, आणि वर काकूंनी स्वतः भरलेलं कव्हर. मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचे दोन मोर, एकमेकांकडे चोच करून. रविवारी सकाळी नऊला महाभारत लागायचं म्हणजे पावणेनऊला काकू ते मोर उचलणार, झटकून घडी घालणार, मग शटर सरकवणार. एखाद्या देवळातला पडदा उघडावा तसं ते चालायचं. बाहेर चपलांचा ढीग. काचेवर उजेड येतो म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. त्यामुळे अख्ख्या खोलीत सुईपुरता उजेड एकाच जागी, उंबऱ्यात. आई तिथं बसायची, तोंड रस्त्याकडे आणि पाठ कुरुक्षेत्राकडे.

“कोण रडतंय गं? गांधारी का कुंती?”

“कुंती. आता कर्ण आला.”

“बसला का उभा आहे?”

असं तासभर. काकू मला संजयच म्हणायच्या. फरक एवढाच, की ‘त्याच्या शेल्याला काठ कसला आहे?’ असं धृतराष्ट्रानं युद्धाच्या ऐन मध्यात विचारल्याचं कुठं वाचनात नाही. आई विचारायची. आणि मला ते नीट बघून सांगावं लागायचं, कारण त्यातलं एखादं कोयरीचं वळण पुढच्या आठवड्यात आमच्या पलंगपोसावर उमटणार असायचं.

आईची नक्षी छापायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो वास लगेच येईल. बटरपेपरवर चित्र काढायचं, रेघेवरून टाचणीनं टोचत जायचं, मग कापडावर तो कागद पसरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांचा गुलाब. आमच्या घरात शनिवारी रात्री कायम स्टोव्ह नुकताच विझवल्यासारखा वास असे. आणि पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात अँकरच्या लड्या. आठ मीटरची लडी, सहा पदरी धागा, त्यातले दोन पदर सोडवून घ्यायचे, तेही हातभरच. लांब घेतला की आई म्हणायची, “आळशाचा दोरा लांब, आणि गुंता त्याहून लांब.”

पाचवीत मला शाळेत कार्यानुभवाला रुमाल होता. मी गोगलगाय घेतली, कारण तिला फक्त साखळी टाका पुरतो. शंखाच्या बाहेरच्या रेघेपासून सुरुवात केली आणि गोल गोल फिरत आत गेले. मजेत गेले. मधोमध पोचल्यावर अडकले. पुढं जागाच नाही, मागं फिरावं तर भरलेल्या टाक्यांवरून जावं लागणार. रुमाल घेऊन आईकडे गेले तर ती हसली. “अगं, सुई खाली घाल की. मागच्या बाजूनं निघायचं. तिकडं गाठ मारायची, झालं.”

त्याच सुमारास काकूंकडे चक्रव्यूह लागला.

अभिमन्यूची गोष्ट काय, आम्हाला पाठच होती. त्यानं पोटात असताना ऐकलं, आत कसं शिरायचं तेवढं ऐकलं, आणि पुढं सुभद्रेला झोप लागली. आईचं यावर ठाम मत होतं. “हातात काही काम असतं तर लागली नसती झोप.” ते बोलून ती पानाच्या शिरा काढू लागली. इकडे पडद्यावर तो पोरगा रथाचं चाक घेऊन उभा. खोलीत चाळीसेक माणसं आणि आवाज फक्त टीव्हीचा. मी बोलायची थांबले.

“काय झालं गं?” आईनं विचारलं. मान कापडातच.

“काही नाही. लढतोय अजून.”

“हं,” आई म्हणाली. तिच्या कानांवर काय काय पडत होतं ते मलाही ऐकू येत होतंच की. पण तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढं आमच्याकडेही टीव्ही आला, ‘चंद्रकांता’ ही मालिका आली. तिथं मी संजयपदाचा राजीनामा दिला, कारण त्यातल्या क्रूरसिंहाच्या भुवया कुणाला शब्दांत सांगायच्या म्हणजे कठीण काम. चारशेतीन नंबरचा काळा, सहाच्या सहा पदर, भरीव टाका, आणि टोकाला धागे कापायचे राहिलेले. एवढं सांगितल्यावर मात्र आईनं प्रथमच पूर्ण वळून टीव्हीकडे पाहिलं. त्याचं ‘यक्कू’ ऐकून ती बरेच दिवस हसायची.

आता माझी एक खोड सांगते. मालिकेतली राणी महालात बसून काहीतरी भरतेय असं दृश्य आलं की मी सुई खाली ठेवते आणि दोन्ही डोळ्यांनी बघते. रिंग धरलेली असते, कापड आत ढिलं पडलेलं असतं, आणि रिंगचा स्क्रू बरोब्बर हाताखाली. तिथं धागा टाक्यागणिक अडकणार. तो कसा नाही अडकत? कारण सुईत धागा नाही. दासी धावत येऊन “राणीसरकार, घात झाला” म्हणते, राणीच्या हातून रिंग पडते, आणि ती उलटी पडते तेव्हा मागची बाजू दिसते. सरळ मशीनची. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या धाग्याच्या उड्या, चिकटवलेला पांढरा कागद. राज्य जातंय त्याचं मला काही वाटेनासं होतं.

घरच्यांना हा छळ वाटतो. वाटू दे. आईनं आम्हाला शिकवलं ते असं, की कुणी भरलेलं काही दाखवलं तर आधी छान म्हणायचं आणि मग ते उलटून बघायचं.

भाचीनं मध्यंतरी मला एक चिनी मालिका लावून दिली, ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’. २०१८ ची, ७० भागांची, अठराव्या शतकातल्या बादशहाच्या जनानखान्यातली. मी नेहमीप्रमाणे डबा उघडून बसले, आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की इथं आपलं कान देऊन काही चालणार नाही. संवाद खाली वाचायचे! एक वाक्य वाचलं की टाका चुकायचा, टाका घातला की तिकडं कुणीतरी कुणालातरी विष दिलेलं असायचं. बोटाला तीनदा टोचल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हातानं मालिका बघितली. आणि गंमत अशी, की तिची नायिका राजवाड्यातल्या भरतकामाच्या कारखान्यात कामाला लागलेली मुलगी! बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला म्हणून ती तिथं शिरते. म्हणजे नायिकेच्या हातात सुई, आणि ती बघायची म्हणून माझ्या हातातली बंद.

त्या नादानं मी चीनमधल्या सूचौच्या भरतकामाचे व्हिडिओ बघितले. तिथं रेशमाचा एक धागा चिरून केसाहून बारीक पदर करतात आणि कापडाच्या दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखं मांजर काढतात. उलटी बाजू नाहीच. हे मी आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “गाठ कुठं लपवतात मग?”

आपल्याकडेही हे आहे म्हणा. हिमाचलातल्या चंब्याचे रुमाल दोरुखा टाक्याचे, दोन्हीकडून सारखेच. रेघांचं चित्र लघुचित्रं काढणारे चितारी कोळशानं काढून द्यायचे आणि बायका ते रेशमानं भरायच्या. त्यातला एक रुमाल अख्ख्या कुरुक्षेत्राचा आहे. चंब्याच्या राजानं तो १८८३ साली इंग्रजांना भेट दिला, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असतो. त्याचे फोटो मी मोठे करकरून पाहिले. नाव रुमाल, पण भिंतीवर लावायचा, लांबच लांब. हत्ती, घोडे, रथ, बाणांच्या तिरप्या रेघा. बाणाला धावदोरा चालला असता; यांनी तेही भरून काढलेत. भरणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव कुठं नाही.

आणि तिकडं फ्रान्समधल्या बायोची साडेनऊशे वर्षांपूर्वीची एक पट्टी आहे, जवळजवळ ७० मीटर लांब, १०६६ ची इंग्लंडवरची स्वारी सुरुवातीपासून दाखवणारी. लिननवर लोकरीचा धागा. सगळं जग तिला टॅपेस्ट्री म्हणतं. टॅपेस्ट्री मागावर विणतात. हे सुईनं भरलेलं आहे, उघड उघड भरतकाम. पण आपलं कोण ऐकतं. तिचा शेवटचा तुकडा मात्र हरवलाय. सत्तर मीटर युद्ध, आणि शेवटचा भागच नाही. आपल्या मालिकाही कधी कधी अशाच एका शुक्रवारी गायब होतात, पण निदान कुणाच्या बोटाला घट्टे पडलेले नसतात.

शेवट नसला तरी बिघडत नाही म्हणा, माहीतच असतो. वढू-तुळापूर शाळेत असल्यापासून माहीत होतं. कापडावरही सगळं आधीच छापलेलं असतं, कुठल्या पानानंतर कुठलं फूल येणार ते. तरी माझ्या हातून पान चॉकलेटी झालंच ना.

ती मालिका संपली आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागला. दूरदर्शननं जुनं महाभारत पुन्हा काढलं, दुपारी बारा आणि संध्याकाळी सात. आई माझ्याकडेच अडकली होती. तिच्या डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नव्हतं, टीव्ही दिसायचा, तोही खुर्ची पुढं ओढून. मग मी खिडकीजवळ याच टेबलक्लॉथचा चौथा कोपरा घेऊन बसायचे, टीव्हीकडे पाठ करून. ती बघायची. न विचारता सांगायची सुद्धा, “शकुनी आला बाई. हा मेला कसा हसतो बघ.” काठ कसला आहे ते मात्र मला सांगून उपयोग नाही असं तिचं मत.

एका दुपारी शंख वाजले, मग त्या ओळखीच्या आरोळ्या, रथाच्या चाकाचा आवाज. मी गुलाबाच्या पाकळीत होते, बाहेरून आत. मागं आई एकदम गप्प झाली.

“काय झालं गं आई?”

“काही नाही,” ती म्हणाली. “आला तो बाहेर.”

“कसा काय?”

“मागच्या बाजूनं.”