आमची वाटचाल : आण्णांची बादली आणि त्यानंतर

2009 साली मी आणि धाकट्या भावाने शिरूर तालुक्यात कोंबडी साफ करून पुण्याच्या हॉटेलांना पुरवायला सुरुवात केली. पत्र्याची शेड, दिवसाला 200 पक्षी, आणि धुतलेलं सगळं पाणी मागच्या नाल्यात. पक्षी 1,500 वर गेले त्या उन्हाळ्यात शेजारचे आण्णा विहिरीच्या पाण्याची बादली घेऊन ऑफिसात आले. टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. तो वास मी विसरलेलो नाही. चूक आमचीच होती.

कर्ज काढून ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या, बांधला. तोवर 2016 ची नवी मानकं आली होती. पूर्वी लहान कत्तलखान्यांच्या सांडपाण्याला बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; जितका जास्त तितकं पाणी घाण) 500 पर्यंत चालायचा, आता लिटरला 30 मिलिग्रॅम. जाचक वाटलं खरं, पण नाल्याला युनिट लहान की मोठं ते कळत नाही.

टाकी बांधूनही पाण्याचा नमुना नापास व्हायचा. कारण सापडलं ते रक्तात. दोन किलोच्या पक्ष्यातून 70-80 मिली रक्त निघतं, म्हणजे आमच्याकडे रोज शंभरेक लिटर. नुसत्या रक्ताचा बीओडी लाखाच्या वर असतो! मग कापताना पक्षी उलटा ठेवतात त्या नरसाळ्यासारख्या कोनखाली स्टीलची पन्हळ बसवली, रक्त वेगळ्या पिंपात घेतलं, पक्षी पूर्ण निथळल्याशिवाय गरम पाण्यात सोडायचा नाही असा नियम केला. फरशीवर आधी वायपर, मगच पाइप. नवं मशीन न घेता टाकीवरचा भार उतरला. पिंप आणि पिसं रेंडरिंगवाला, म्हणजे असा कचरा शिजवून वापरात आणणारा, घेऊन जातो.

एकदा रात्रपाळीत फरशीला ब्लीच जास्त पडलं आणि एरेशन टाकीतले, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीत घाण खाणारे, जिवाणूच मेले. पुन्हा शेणाचं पाणी घालून ते वाढवायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस कापणी निम्म्यावर आणली. तेव्हापासून ऑपरेटर रोज सकाळी टाकीतलं पाणी लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास ठेवतो. तपकिरी गाळ खाली बसला आणि वर पाणी नितळ आलं, तरच पहिली गाडी उतरवायची.

आण्णांच्या विहिरीचं पाणी दर तीन महिन्यांनी आम्ही लॅबला देतो. रिपोर्ट आधी त्यांच्या घरी जातो, मग आमच्या फाइलला.