एक्स-रेच्या फिल्मपासून लेझरपर्यंत : आमची वाटचाल

आमचा धंदा नक्षी कापायचा, आधी स्टेन्सिल आणि आता जाळ्या. सुरुवातीला आमच्याकडे मशीन नव्हतंच. एक कटर, काचेचा तुकडा आणि दवाखान्यातून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्म, एवढंच भांडवल. फिल्मवर नक्षी कापायची, भिंतीला चिकटवायची आणि स्पंजाने रंग टिपायचा. रंग घट्ट हवा, स्पंज जवळजवळ कोरडा. आजची पोरं स्पंज रंगात बुडवतात, मग रंग फिल्मखाली पळतो आणि खापर स्टेन्सिलवर.

नक्षी मात्र गावचीच. आम्ही औरंगाबादचे (आताचं छत्रपती संभाजीनगर), त्यामुळे बीबी का मकबरा म्हणजे पाहुण्यांना फिरवायची जागा. एकदा कबरीभोवतीच्या अष्टकोनी संगमरवरी जाळीपाशी वही घेऊन उभा राहिलो आणि आपलं काय चुकतंय ते कळलं. स्टेन्सिलमध्ये बंद आकार कापला की आतला तुकडा गळून पडतो, म्हणून आम्ही जागोजागी ब्रिज, म्हणजे तो तुकडा धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या पट्ट्या, ठेवायचो आणि नंतर ते हाताने रंगवून झाकायचो. जाळीत असा उपरा ब्रिज एकही नाही, पट्टीनेच पट्टीला धरलंय. मकबऱ्याच्या दारावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत. छिन्नी चालवणाऱ्यांची नाहीत. असो.

पुढे कर्ज काढून ८० वॉटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचं कापायचं मशीन घेतलं. पाच वर्षं बरी गेली.

मग एक पार्टी स्वतःचीच शीट घेऊन आली. "अ‍ॅक्रिलिकच आहे, तुम्ही फक्त कापा." हॉलच्या छतासाठी चाळीस पॅनल, तेही लग्नसराईच्या आत. पहिल्याच दिवशी दुकानात डोळे चुरचुरायला लागले. वाटलं, एक्झॉस्ट तुंबला असेल. साफ केला आणि काम रेटलं. आठव्या दिवशी लेझरचं डोकं ज्यावर सरकतं त्या गाइड रेलवर तांबूस थर, बेअरिंग करकरतंय, लेन्स धुरकट. ती शीट पीव्हीसीची निघाली. पीव्हीसी लेझरखाली आलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती लोखंड खाते आणि माणसाची छातीही. पार्टीने हात वर केले. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला हजर.

म्हणून सांगतो, कुणी शीट आणून दिली तर आधी तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर शीट परत. दोन मिनिटांचं काम, तेही दुकानाबाहेर करा.

त्या दिवसांत एकच माणूस दुकानात येत राहिला, फर्निचरवाले मिस्त्रीचाचा. सहा महिन्यांच्या जाळ्यांचे पैसे आगाऊ ठेवले, पावतीही मागितली नाही. "मशीन सुधार ले बेटा, जाली बाद में."

मशीन उभं राहतंय तोच आमच्याकडे चार वर्षं शिकलेल्या मुलाने समोरच्या गल्लीत दुकान टाकलं. आमच्याच फाइली घेऊन. फाइली नेल्याचं एक वेळ सोडून देईन, पण त्याने त्यांची जी दशा केली ती सोडवत नाही. षट्कोनी नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा रुंदी-उंचीत १ ला १.७३२ या प्रमाणात असतो. त्यामुळे आठ बाय चार फुटांच्या एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या शीटवर) नक्षी कधीच बरोबर संपत नाही. आम्ही कडेला पट्टी सोडून नक्षी मधोमध बसवतो, किनारीला अर्धा तारा नेमका अर्धाच येतो. त्यात दुपार जाते. हा पठ्ठ्या कोपरा धरून नक्षी ओढतो आणि शीटवर कोंबतो. तारे चपटे. पट्ट्या तर इतक्या बारीक, की पॅनल उचलतानाच तुटाव्यात. सहा मिलिमीटरच्या एमडीएफला पट्टी सहापेक्षा बारीक नको, हे त्याला मीच शिकवलं होतं. दर आमच्याहून कमी, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे.

चाचांना त्याचं एक पॅनल दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, ताऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तारा दब गया." पुढे काही नाही. ऑर्डर आमच्याकडेच दिली.

मागच्या महिन्यात भाच्याचं लग्न होतं. स्टेजमागे भिंतभर जाळी, समोरच्या गल्लीतल्या त्या दुकानातलीच. पंगतीत माझी खुर्ची नेमकी तिच्यासमोर आली. उजवीकडून सातव्या ओळीत एक तारा पाचच टोकांचा होता. बायको म्हणाली, जिलबी गार होतेय.