त्रेर केइरी: वेल्समधलं राक्षसांचं गाव

दरवाजातून आत पाऊल टाकलं आणि समोर घरंच घरं. छपरं नाहीत, पण गोल भिंती कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे छातीएवढ्या उभ्या, एकमेकींना खेटून. सह्याद्रीतल्या गडांवर वाड्यांची जोती शोधत फिरणाऱ्या मला हे बघून अक्षरशः भरून आलं. ही घरं शिवकाळाच्याही निदान बाराशे वर्षं आधी ओस पडली होती.

त्रेर केइरी हा किल्ला वायव्य वेल्समधल्या ल्लीन द्वीपकल्पावर आहे. नावाचा अर्थ ‘राक्षसांचं गाव’. अर एइवल या तीन शिखरांच्या डोंगरातलं पूर्वेकडचं, सुमारे 485 मीटर उंचीचं शिखर म्हणजे हा किल्ला. आम्ही ऑगस्टअखेर गेलो. हेदर या बुटक्या झुडपाची जांभळी फुलं आणि काटेरी गॉर्स झुडपाची पिवळी, दोन्ही एकदम फुललेली होती. जमलं तर याच दिवसांत जा.

वाट बी 4417 रस्त्यावरून, ल्लानाएल्हायर्न आणि ल्लिथवाइन या गावांच्या मधून सुटते. गाडी लावायला जागा थोडीच आहे, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. गाडी नसेल तर पुल्हेलीपर्यंत रेल्वे आहे आणि पुढे कायर्नार्व्हनकडे जाणारी बस ल्लानाएल्हायर्नला थांबते. चढ तासाभराचा. शेवटच्या टप्प्यात सुट्या दगडांचा घसारा आहे, तिथे घोट्याला आधार देणारे बूटच हवेत.

या घसाऱ्यातच किल्ल्याचं गुपित आहे. एक ताजा फुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला: फिकट राखाडी, बारीक दाणेदार, मधूनच फेल्डस्पार या खनिजाचे पांढुरके स्फटिक. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर साचून झाला. इथे तसं झालं नाही. साधारण 45 कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन काळात, वितळलेला खडक जमिनीच्या वर न येता आतच शिरून थिजला. मग वरचे मऊ थर झिजून गेले आणि हा कठीण गाभा उघडा पडला. हिमयुगाच्या थंडीत फटींतलं पाणी गोठून खडक फुटत गेला, आणि डोंगरमाथ्यावर हाताने उचलता येतील असे धोंडे पसरले. किल्ला बांधणाऱ्यांना खाण खणावी लागली नाही, दगड पायाखालीच होता. शेजारच्या त्रेवोरच्या खाणीत याच डोंगराचा ग्रॅनाइट निघतो. कर्लिंग या खेळात बर्फावर सरकवायचे दगड त्यापासून घडवले जातात.

तटबंदीत चुना नाही, माती नाही. कोकणातल्या गडग्यासारखी नुसती रचाई, पण काही ठिकाणी जवळजवळ दोन पुरुष उंच. आतल्या बाजूने फांजी, म्हणजे तटावरून चालायची वाटसुद्धा ओळखू येते. दोन मुख्य दरवाजे आणि काही अरुंद चोरदरवाजे आहेत. किल्ल्याची सुरुवात इ.स.पू. 200 च्या आसपासची मानतात, पण सुमारे दीडशे घरांची दाट वस्ती झाली ती रोमन काळात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोमनांनी इ.स. 77 च्या सुमारास सध्याच्या कायर्नार्व्हनजवळ सेगोंटियमची छावणी उभारली, तरी हे लोक आपल्या तटाच्या आत चौथ्या शतकापर्यंत नांदत राहिले. मोठ्या गोल घरांत नंतर मधे भिंती घालून खोल्या पाडलेल्या दिसतात. कुटुंब वाढलं की आपल्याकडेही हेच होतं. 1903 मधल्या उत्खननापासून इथे मातीची भांडी, काचेचे मणी, लोखंडी हत्यारं मिळत गेली.

माथ्यावर धोंड्यांचा एक मोठा ढीग आहे, तो बघितल्याशिवाय उतरू नका. ती कांस्ययुगातली समाधी आहे, किल्ल्याहून कितीतरी जुनी. दगडाची एवढी गरज असूनही त्यांनी ती मोडली नाही. तिच्यापाशी मी बराच वेळ बसलो.

वर पाणी, आडोसा, स्वच्छतागृह काही नाही. वारा उन्हाळ्यातही झोंबतो, विंडचीटर पाठीवर असू द्या. ढग उतरला तर वाट हरवते, नकाशा मोबाईलवर आधीच उतरवून ठेवा. स्वच्छ हवेत आयरिश समुद्रापलीकडे आयर्लंडचे डोंगर दिसतात. तटावर चढू नका. फोटोसाठीही नाही. एक धोंडा हलला की शेजारचे दहा सुटतात, आणि ते परत बसवण्यात 1989 पासून दहा वर्षं गेली आहेत.

पायात जोर उरला असेल तर खिंडीतून मधल्या, सर्वांत उंच शिखरावर जा. किल्ल्याचा पूर्ण घेर तिथूनच एका नजरेत येतो.