करंट की पेट्रोल? इंदूर-मांडू रॅलीत आमच्या फियाटचे नखरे

जुनी गाडी चालता चालता बंद पडली की तिला दोनपैकी एक गोष्ट मिळत नसते, करंट नाहीतर पेट्रोल. हे आमच्या उस्तादांचं, म्हणजे मेकॅनिकचं, ठरलेलं वाक्य, लग्न करून या घरात आल्यापासून ऐकतेय. बोलायला सोपंय हो, पण भर दुपारी हायवेच्या कडेला बॉनेट उघडून उभं असताना, आजूबाजूला दहा जण दहा सल्ले देत असताना या दोनातलं नेमकं कुठलं ते ओळखणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय, कुणाकडे जुनी फियाट, अँबेसेडर, स्टँडर्ड असेल तर कामी येईल.

गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मूळ त्यांच्या वडिलांची, ते इंदूरला डॉक्टर होते. १९५६ ची फियाट ११००, तीच ती डुक्कर फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडतात आणि गिअर स्टिअरिंगजवळ. आता काटेकोर बोलायचं तर व्हिंटेज म्हणजे १९३० पर्यंतची गाडी, आमची क्लासिक म्हणायची, पण इंदूरात जुनी दिसली की व्हिंटेज, विषय संपला. सरकारनेही २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्या व्हिंटेजच ठरवल्यात. त्यांना व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि तो घेतला की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच.

रॅली म्हटलं की लोकांना वाटतं रेस. रेस नसते ती. ठरलेल्या सरासरी वेगाने ठरलेलं अंतर कापायचं, मधे कुठेतरी लपलेले चेकपॉइंट असतात, उशिरा पोचलात तर दंड आणि लवकर पोचलात तर त्याहून जास्त दंड. बाबा, म्हणजे सासरे, गाडी चालवतात आणि मी शेजारी रोडबुक (रस्ता कसा जायचा ते लिहिलेली वही), स्टॉपवॉच आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसते. सरासरी ताशी ३६ किलोमीटर दिली असेल तर माझा जीव भांड्यात पडतो कारण किलोमीटरला बरोबर १०० सेकंद, तोंडी हिशेब होतो. ३२ दिली की ११२ पूर्णांक ५ सेकंद, मग बसा आकडेमोड करत आणि त्यात बाबा विचारणार, "अगं पुढे आहोत की मागे?"

रंगपंचमीच्या आधीचा वीकेंड, शनिवारी सकाळी लालबागेसमोरून निघायचं, बेटमा, घाटाबिल्लोद, धार करत मांडू, रात्री तिथेच मुक्काम आणि रविवारी परत. निघायच्या आधी पोहे-जिलबी खाता खाता एक काका होळकरांच्या गाड्यांचं पुराण लावून बसले होते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची १९३५ ची ड्यूझनबर्ग, इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, ताकद ३२० हॉर्सपॉवर. आमच्या फियाटची चाळीसच्या आतबाहेर. असो, तिला आम्हाला परवडेल एवढंच पेट्रोल लागतं हा तिचा मोठा गुण.

बेटमा गेलं आणि घाटाबिल्लोदच्या अलीकडे गाडीने पहिला झटका दिला. मग दुसरा. मग सायलेन्सरमधून फट् आणि इंजिन बंद. अहमदाबाद हायवे आहे तो, ट्रक अंगावरून जातात, बाबांनी कशीबशी कडेला घेतली. गंमत म्हणजे तिथून जवळच पीथमपूरला तो ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड टेस्ट ट्रॅक आहे, आणि आम्ही इकडे ताशी शून्यवर.

लगेच निदान झालं, सगळ्यांचं एकमताने, एअर लॉक. म्हणजे गरमीने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली, पंप वाफ ओढतोय, पेट्रोल वर चढत नाहीये. हे होतं खरं जुन्या गाड्यांमध्ये, पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डजवळून जाते आणि आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ७८ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे निदान अगदीच उचलली जीभ प्रकारचं नव्हतं. एका भियाने (इंदूरात भैयाला भिया म्हणतात) पंचा ओला करून एसी पंपावर गुंडाळला (एसी पंप म्हणजे इंजिनला लागलेला पेट्रोलचा पंप, गाडीत एसी नाहीये, विचारतात लोक म्हणून सांगितलं), अजून पाणी ओतलं, वीसेक मिनिटं गेली, सेल्फ मारला आणि गाडी सुरू. झालं, भिया हिरो. "देखा अंकल, एअर लॉक ही था."

धारच्या अलीकडे पुन्हा तेच. झटके, फट्, बंद. पुन्हा पंचा, पुन्हा पाणी, पुन्हा तेवढाच वेळ आणि गाडी चालू. दंडाचा हिशेब तर मी सोडूनच दिला होता, हातात स्टॉपवॉच होतं म्हणून उगीच बंद पडल्यापासून चालू होईपर्यंतचा वेळ बघत होते. मग सरळ बाबांना म्हटलं, आता पंचा ठेवायचाच नाही, नुसतं बॉनेट उघडून बसू. ते वैतागले, "तू आता मेकॅनिक झालीस का?" पण पुढच्या वेळी बंद पडली, धार समोर दिसत असताना, तेव्हा पाण्याची बाटली रिकामी होती त्यामुळे आपोआपच माझं म्हणणं मान्य झालं. पंचा नाही, पाणी नाही, तरी गाडी तेवढ्याच वेळात चालू झाली. म्हणजे पाण्याने काही होत नव्हतं, जे काही होत होतं ते सगळं इंजिन थंड झाल्याने.

मग उस्तादांना व्हिडिओ कॉल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाभीजी, पंप को छोड़ो, डेल्को खोलो." (डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगना करंट वाटून देणारा भाग.) पण त्याआधी गरम इंजिन परत बंद पडेपर्यंत जागेवरच चालवायला लावलं. बंद पडल्या पडल्या कार्बोरेटरच्या बाऊलचं, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीचं, झाकण काढायला लावलं, तर आत पेट्रोल काठोकाठ. म्हणजे पेट्रोल पोचतंय, एअर लॉक नाही. मग मधली प्लगवायर काढून ब्लॉकपासून थोडी लांब धरायची आणि बाबांनी सेल्फ मारायचा. ठिणगी निळी आणि कडक यायला हवी, चट् असा आवाज येतो तिला. आमची पिवळी, मरतुकडी, कधी येतेय कधी नाही. डेल्कोचं झाकण काढून पाहिलं तर पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) काळेठिक्कर जळलेले आणि इंजिन फिरताना ठिणग्या तिथेच उडतायत. प्लगला जायचा करंट पॉइंटवरच जळत होता.

दोषी निघाला कंडेन्सर. अंगठ्याएवढी डबी असते, पॉइंट उघडतात तेव्हा तिथे ठिणगी उडू नये हे तिचं काम. आतलं इन्सुलेशन खराब झालं की थंड असताना ती शहाण्यासारखी वागते आणि तापली की लीक होते, मग थंड झाली की परत शहाणी. म्हणूनच सगळे फसतात, कारण गरमीत बंद आणि थंडाव्यात चालू हे लक्षण एअर लॉकचंही तेच आणि कंडेन्सरचंही तेच. ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारी कॉइल खराब झाली तरी तेच. बंद पडल्यावर ताबडतोब बाऊल आणि ठिणगी बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आपण नेमकं त्याच वेळी पाणी शोधत फिरत असतो. सगळ्यात राग याचा आला की तो कंडेन्सर नवा होता, दिवाळीतच टाकलेला. जुना काढून डब्यात ठेवला होता तो घरी, कारण नवा आहे ना आता!

धारला आमच्या चुलत नणंदेचं सासर. नणंदेचे मिस्टर फोनवर "थांबा तिथेच" म्हणाले आणि स्कूटरवर जुन्या मारुती ८०० चा कंडेन्सर घेऊन हजर. मारुतीचा फियाटला कसा चालेल असं बाबांना वाटत होतं, पण पॉइंटवाल्या गाड्यांच्या कंडेन्सरची किंमत साधारण सारखीच असते (किंमत म्हणजे पैशाची नाही, मायक्रोफॅरडची). त्यातही मारुतीचा डेल्कोच्या बाहेर बसतो, वायर लांब असते. उस्तादांनी फोनवरून सांगितलं तसं डबी डेल्कोच्या बॉडीला स्क्रूने आवळली, तिथलं रंग-तेल पॉलिश पेपरने खरवडून, नाहीतर अर्थिंग मिळत नाही, आणि वायर पॉइंटच्या नटाला. पॉइंट त्याच पॉलिश पेपरने घासले, गॅप मापायची पट्टी गाडीत होतीच. सेल्फ मारला आणि आवाजच बदलला गाडीचा. नणंदेने तेवढ्यात श्रीखंडाचा डबा गाडीत ठेवला आणि दुसरा बाजीराव इथल्याच किल्ल्यात जन्माला हे परत एकदा ऐकवलं, धारला गेलं की हे ऐकावंच लागतं.

काकडा खोहच्या पुढचा चढ आणि मांडूचे ते अरुंद दरवाजे गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता पार केले. जहाज महालाच्या बाजूला सगळ्या गाड्या लागल्या होत्या, आम्ही शेवटून पहिले. दाल-पानिये खाऊन झोपायचं एवढंच डोक्यात होतं.

पण बाबांची सवय, रात्री ऑइल बघितल्याशिवाय झोपायचं नाही. ऑइल मापायची काडी काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! आणि वास पेट्रोलचा. जुनी गाडी वापरणाऱ्याला ऑइल कमी झालं तर समजतं, वाढलं तर पोटात गोळा येतो. एसी पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबर-कापडाचा पडदा, फाटला की पेट्रोल थेंब थेंब इंजिनच्या आत, चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंगची वाट लागते, आणि आत पेट्रोलची वाफ भरलेलं इंजिन म्हणजे आगीशी खेळ. म्हणजे सकाळी सगळे पंपाला दोष देत होते तेव्हा पंप निर्दोष होता आणि आता खरंच पंप गेला होता.

याचं कारण मात्र आता बऱ्याच जुन्या गाडीवाल्यांना भेटतंय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २०२२ पर्यंत दहा टक्के इथेनॉल आलं होतं, २०२५ मध्ये वीस टक्के झालं. त्या काळच्या रबराचा या रसायनाशी कधी संबंधच आला नव्हता, ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. वर इथेनॉल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ-गंज सोडवून पुढे पाठवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं ते वेगळंच. बाबांचं म्हणणं, उसवाल्याला पैसे मिळतायत ना, मग झालं. मला तेही पटतं, फक्त फियाटला कोण समजावणार.

रात्री एक मुलगा म्हणाला नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावून देतो. नको म्हटलं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तीन बारच्या आसपास दाब देतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या सुईला त्याचा दहावा हिस्सासुद्धा सोसत नाही, बाऊल भरून पेट्रोल गरम इंजिनवर सांडलं असतं. बॉनेटवर कॅन बांधून नळीने पेट्रोल सोडायचा जुगाडही एकाने सुचवला, त्याला तर हातच जोडले.

रविवारी सकाळी उस्ताद मोटरसायकलवर इंदूरहून आले, खिशात पद्मिनीच्या पंपाचा किट. हे चालतं कारण पद्मिनीचं इंजिनही याच खानदानातलं, तेही १०८९ सीसी. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या तेव्हापासून असले किट शोधायला जास्त भटकावं लागतं म्हणतात, त्यांनी एका डब्यात साठवून ठेवलेत. पंप उतरवून उघडला तर डायफ्रामला कडेने चीर, नखाएवढी, आणि कापड सुटून आलेलं. नवा बसवला, चेंबरमधलं ते पाण्यासारखं ऑइल काढून टाकलं, नवीन २०-५० भरलं. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक नटाला "जास्त आवळू नका" म्हणत होते आणि उस्ताद प्रत्येक वेळी "जी बाऊजी".

परतीला मागच्या डाव्या चाकाने ब्रेक धरून ठेवायला सुरुवात केली, ड्रमला हात लावला तर चटका. तिथे फार काही केलं नाही, चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचा निपल सैल करून ऑइलचा दाब सोडला, ब्रेकचा अ‍ॅडजस्टर थोडा मागे घेतला आणि बाकीचं अंतर बाबांनी गिअरवरच गाडी आवरत काढलं. इंदूरला अंधार पडायच्या आत पोचलो. निकालात आमचं नाव कुठे होतं ते विचारू नका, दंडाचा आकडा वाचून दाखवताना मार्शलच हसत होता.

आता डिकीत दोन कंडेन्सर असतात, दोन्ही वापरून तपासलेले, कोरे नाहीत. पंपाचा एक जास्तीचा किट आहे. पेट्रोलची रबरी नळी इथेनॉलला टिकणारी टाकलीय, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर बसवलाय, आत काय येतंय ते दिसतं, आणि जे दिसतं ते चांगलं नाहीये, तांबूस गाळ येतोय. टाकी उतरवून आतून साफ करायलाच हवी. उस्ताद म्हणतात पावसाच्या आधी करू, बाबा म्हणतात दिवाळीनंतर बघू, आणि तोवर मी आपली फिल्टर बदलतेय.