एका स्टिकरसाठी चार फेऱ्या

वजन १४ किलोंनी उतरल्यावर माझे गाल इतके बसले की सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण ‘बरं नाही का?’ असे विचारू लागला. प्रकृती ठणठणीत असताना या प्रश्नाचे रोज उत्तर देण्याचा कंटाळा आला आणि वयाच्या ५३ व्या वर्षी मी कोथरूडमधील एका दवाखान्यात गालांत फिलर, म्हणजे खोलगटपणा भरून काढण्यासाठी त्वचेखाली टोचायचा पदार्थ, भरून घेतले. दोन सिरिंज लागल्या, प्रत्येकी १ मिलिलिटरची; म्हणजे दोन्ही गालांत मिळून चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी. सूज आणि काळेनिळे डाग आठवडाभरात ओसरले. लिफ्टमधला प्रश्नही थांबला, आणि तो आनंद मी लपवणार नाही.

चौथ्या महिन्यात दाताचे रूट कॅनॉल झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच डाव्या गालात हरभऱ्याएवढी दुखरी गाठ हाताला लागू लागली. (दाताचे मोठे काम आणि फिलर यांच्यात किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात हे मला माहीत होते, मात्र महिन्यांनंतरही शरीरात कुठे जंतुसंसर्ग झाला तर फिलरची जागा सुजू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते.) डेक्कनवरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी गाठ तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “आत भरले आहे काय?” मी म्हणाले, फिलर. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “हे ‘भाजी खाल्ली’ म्हटल्यासारखे झाले. कोणती?”

सारा घोळ या प्रश्नाशी आहे. फिलर हायलुरॉनिक आम्लाचे असेल तर हायलुरॉनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) टोचून ते विरघळवता येते. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक आम्ल या दुसऱ्या फिलरना असा उतारा नाही. माझ्याजवळ होते फक्त बिल, आणि त्यावर लिहिले होते ‘स्किन ट्रीटमेंट’.

मग पदार्थाचे नाव विचारायला कोथरूडच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीत डॉक्टर मुंबईला गेले होते आणि स्वागतकक्षातील मुलीला फाइल उघडण्याची परवानगी नव्हती. दुसऱ्या फेरीत फाइल सापडली, पण तीत ‘फिलर २’ एवढीच नोंद होती, जणू किराण्याची यादी. तिसऱ्या फेरीत मला सांगण्यात आले, “काकू, इम्पोर्टेडच असतं आमच्याकडे, काळजी करू नका.” काळजी मला देशाची नव्हती, पदार्थाची होती. बहुतेक नामांकित कंपन्यांच्या खोक्यात सिरिंजसोबत उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली, सोलून काढता येणारी स्टिकर्स असतात: एक रुग्णाच्या नोंदीत लावायचे आणि एक रुग्णाला द्यायचे. टोचण्यापूर्वी सीलबंद खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि स्टिकर मागून घ्यावे, ही दोन मिनिटांची गोष्ट मी केली नाही, आणि त्या चुकीत माझा वाटा आहेच. पण मागितल्यावर नोंद न मिळणे हा माझा दोष नव्हे.

चौथ्या फेरीला मी लेखी अर्ज नेला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात, हे वाक्य मी अर्जात ठळक लिहिले होते. अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली तेव्हा त्या मुलीचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. याच नियमांत डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि पावतीवर द्यावा असेही आहे. माझ्या बिलावर तो नव्हता, हे मला तिथे उभी असताना दिसले. तुम्ही आधीच पाहा.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एका स्टिकरचे छायाचित्र आले. हायलुरॉनिक आम्लच होते. मला हायसे वाटले आणि त्याहून अधिक रागही आला, कारण ही माहिती पहिल्याच दिवशी त्यांच्या कपाटात होती.

डेक्कनच्या बाईंनी तरीही घाई केली नाही. त्यांनी सोनोग्राफीने गाठ पाहिली आणि आधी प्रतिजैविके दिली, कारण संसर्ग असताना विरघळवायला गेल्यास तो पसरू शकतो. मधमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठून त्रास झाला होता का, असेही त्यांनी विचारले. मधमाशीच्या विषातही हायलुरॉनिडेज असते आणि त्याची ॲलर्जी असू शकते. त्यानंतरचे इंजेक्शन पाच मिनिटांचे होते आणि दोन दिवसांत गाठ गेली.

राहून गेलेली, पण सर्वांत महत्त्वाची बाब: फिलर विरघळवणारे हे औषध, हायलुरॉनिडेज, त्या दिवशी दवाखान्यात हजर आहे का, हे सुई टोचण्यापूर्वी विचारावे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा पांढरी पडते किंवा जाळीसारखी जांभळी होते, वेदना वाढत जातात. दृष्टी धूसर झाली तर क्षणाचाही विलंब चालत नाही. नाक आणि भुवयांमधली जागा यासाठी विशेष धोक्याची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधी सांगावी, मनाने बंद करू नये.

दुसऱ्या सिरिंजचे स्टिकर अद्याप आलेले नाही. अर्जाची पोच माझ्याकडे आहे आणि सोमवारी मी पाचवी फेरी मारणार आहे.